काठीकडे पाठ

“कागद उलटू नका, चाचा,” असं म्हणून मी दस्तगीरचाचांच्या हातावर हात ठेवला.

ते थांबले. त्यांच्यासमोर लाकडी चौकटीवर लाल रेशमी कापड ताणून बसवलं होतं आणि हातात मी काढलेला खाका होता. खाका म्हणजे रेघेरेघेवर सुईने भोकं पाडलेला मोठा कागद. तो कापडावर पसरायचा, वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी फिरवायची, की भोकांतून पांढरे ठिपके खाली उतरतात आणि त्या ठिपक्यांवरून जरीचं काम सुरू होतं. निशाणाची पुढची बाजू भरून झाली होती. आता मागच्या बाजूचं कापड चौकटीवर चढलं होतं आणि चाचा तोच कागद पालथा घालायला निघाले होते.

“मागल्या बाजूला उलटाच घालायचा असतोय, मास्तर,” ते म्हणाले. “जनावर काठीकडं बघायला पाहिजे.”

“ढालीवरचं जनावर ढालीच्या उजवीकडे बघतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय.”

“ढालीचं मला ठाऊक नाही. निशाणाचं ठाऊक आहे.”

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मुंबईहून चित्रकला शिकून आलेला, धामणगड संस्थानच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर, आणि उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात त्यातलाच एक. धामणगड हे संस्थान एवढंसं, की नकाशावर शाईचा थेंब सांडला तर सगळं झाकलं जावं. पण मानचिन्ह मात्र होतं. लाल ढाल, तीवर सोनेरी रानगवा, वर निळी पट्टी, आणि खाली फितीवर ब्रीद : ‘मागे फिरणे नाही’. विलायतेतल्या कोणा साहेबाने ते आखून दिलं होतं आणि त्याचं वर्णन करणारा एक इंग्रजी कागद दप्तरात होता. त्यातले शब्द वकिलांनाही कळत नव्हते. ते मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी एक जाडजूड पुस्तक मागवून चौदा पानांची वही तयार केली. ढालीच्या रंगाला ‘जमीन’, वरच्या पट्टीला ‘माथपट्टी’, दोन्ही बाजूंनी ढाल धरून उभ्या असलेल्या आकृत्यांना ‘ढालकरी’. जनावर चालतं आहे, दोन पायांवर उभं आहे, की मान वळवून मागे बघतं आहे, या प्रत्येकाला वेगळा शब्द. आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात नियम : ढालीची उजवी बाजू म्हणजे बघणाऱ्याची नव्हे, ढाल हातात धरणाऱ्याची उजवी. म्हणून आपण समोरून बघताना जनावराचं तोंड आपल्या डावीकडे असतं. हे वाक्य मी त्या वर्षी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

ते निशाण कशासाठी होतं, ते सांगायला हवं. आदल्या वर्षी, बेचाळीसच्या उन्हाळ्यात, सरकारांचा, म्हणजे आमच्या राजांचा, एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशातल्या लढाईत पडला. फौजा मागे हटत असताना गोळी लागली, एवढंच पत्रात होतं. देह मिळाला नाही. ‘मागे हटत असताना’ हे शब्द पत्रातून गावात कसे आले कुणास ठाऊक, पण आले, आणि चावडीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत फिरले. गोळी पाठीत लागली म्हणे. पळत होते म्हणे. वर्षश्राद्धाच्या दिवशी नदीकाठी त्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या नव्या छत्रीपर्यंत निशाणाची मिरवणूक काढायची, असं युवराजांच्या आईने ठरवलं. आईसाहेबांनी मला वाड्यावर बोलावून घेतलं होतं. चिकाच्या पडद्याआडून त्यांनी बराच वेळ माझ्या वहीबद्दल विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, “लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांनी तो गवा बघायचाय. नीट काढा, मास्तर.”

त्यानंतर मी रोज शाळा सुटली की दस्तगीरचाचांच्या घरी जाऊ लागलो. संस्थानची निशाणं भरण्याचं काम त्यांच्या घरात पाच पिढ्यांचं. त्याबद्दल त्यांना एक मान होता. दसऱ्याला निशाण निघालं की त्याची रेशमी दोरी धरून चालायचं ते दस्तगीरच्या घरातल्या पुरुषाने, दुसऱ्या कुणी नाही. दोरीचा मान म्हणत त्याला. चाचांची बोटं जरीने सोलवटलेली असत, पण दसऱ्याची गोष्ट निघाली की तीच बोटं ते नकळत मुठीत मिटून घेत.

घरात त्यांची मुलगी हलिमा होती. नवरा वारल्यावर बाविसाव्या वर्षी माहेरी आलेली. चाचांचे डोळे अधू झाल्यापासून सुईत दोरा तीच ओवून देई. मी गेलो की ती चहा आणायची, आणि माझ्या पुढ्यातला कप तसाच गार व्हायचा. आमच्या घरी आईचं सोवळं कडक होतं. मुसलमानाघरी चहा घेतला हे तिला कळलं असतं तर तिने मला अंगणातच आंघोळ घातली असती. मी पडलो सुधारक, त्यामुळे खरं कारणही सांगता येईना. कधी पित्त झालंय म्हणायचो, कधी आत्ताच घेऊन आलो म्हणायचो. चाचांना सगळं कळत होतं. एक दिवस मीच म्हणालो, “निशाण काठीवर चढलं ना, की तुमच्याकडे चहा घेणार. नक्की.”

“ऐकलंस, हलिमा? मास्तरांनी शब्द दिलाय,” ते म्हणाले आणि खळखळून हसले. त्या दिवसापासून हलिमाने माझ्यापुढे कप ठेवणं बंद केलं.

तर त्या दुपारी खाका उलटण्यावरून आमचं जुंपलं. मी त्यांना विचारलं की, ब्रीदाची अक्षरं तुम्ही मागच्या बाजूला उलटी काढणार का? ते म्हणाले, नाही, अक्षरं सुलटीच काढायची, नाहीतर वाचणार कशी? मग अक्षरं सुलटी आणि जनावर उलटं, हा कुठला न्याय, असं मी म्हणालो. त्यांना वाद घालता येत नव्हता. बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने, एवढंच त्यांच्याकडे होतं. दाखवायला जुनं निशाणही नव्हतं. निशाण जीर्ण झालं की नदीत सोडायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या हातात मात्र छापील पुस्तक होतं.

“काठीवर चढवून बघू मग,” ते म्हणाले.

तेही शक्य नव्हतं. मिरवणुकीच्या सकाळी पूजा झाल्याशिवाय कापडाला काठी लावत नसत, आणि हे मला त्यांनीच सांगितलं होतं. मी पेन काढलं आणि खाक्याच्या कोपऱ्यात लिहिलं : ‘दोन्ही बाजूंस हाच खाका, याच बाजूने. उलटू नये. — नी. धारप.’ खाली तारीख घातली. लिहून देण्याची काही गरज नव्हती. माझा शब्द शेवटचा आहे हे दिसावं, एवढीच हौस. चाचांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद सुलटा पसरला. अठरा दिवस ते त्या मागच्या गव्यावर बसून होते. इतकं देखणं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

वैशाखातली ती सकाळ. पूजा झाली, निशाण काठीला चढलं आणि गुंडाळूनच बाहेर आलं. वाड्याच्या वळणावर ते उलगडायचं होतं. वाडा रस्त्याच्या उजव्या हाताला, त्याच्या सज्जात चिकाच्या पडद्याआड आईसाहेब आणि घरातल्या बायका. मी डाव्या बाजूने शाळेच्या मंडळींबरोबर चालत होतो. निशाण उलगडलं, नदीवरून वारा आला, आणि माझ्या अंगावर काटा आला. काठी पुढे, कापड मागे फडफडणारं, आणि त्यावर माझा सोनेरी गवा मान खाली घालून काठीच्या दिशेने, मिरवणुकीच्या पुढे पुढे निघालेला. निशाणाच्या डाव्या अंगाला दोरी धरून चाचा चालले होते. नवा फेटा, ताठ मान. त्यांनाही माझ्यासारखीच डावी बाजू दिसत होती.

मग रस्त्याच्या पलीकडून कुजबुज आली. आधी मला ती कौतुकाची वाटली. मग कुणीतरी फिस्कन हसलं, आणि एक आवाज स्पष्ट ऐकू आला, “गवा निघाला की रं घराकडं.”

मी गर्दीतून वाट काढत उजवीकडे गेलो आणि वर पाहिलं. काठी पुढे चालली होती. गव्याचं शेपूट काठीकडे होतं. काठीकडे पाठ फिरवून तो मागे, आम्ही आलो त्या दिशेला पळत होता. आणि त्याच्या खुरांखाली सुवाच्य, सुलट अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘मागे फिरणे नाही’.

सज्जात चिकामागे एक पांढरी आकृती उठून उभी राहिली. क्षणभर तशीच थांबली आणि आत गेली. त्यानंतर आईसाहेब कुठल्याही समारंभाला सज्जात आल्या नाहीत.

निशाण अर्ध्या वाटेत उतरवता येत नाही. ते तसंच छत्रीपर्यंत गेलं. हसू दाबलेल्या दोन रांगांमधून चाचा दोरी धरून चालत राहिले. एव्हाना त्यांना कळलं होतं. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी कारभाऱ्यांच्या कचेरीत बोलावणं आलं. कारभारी शिरगोपीकर फार हळू बोलत, आणि ते हळू बोलू लागले की शिपाई दाराबाहेर सरकत. निशाण टेबलावर पसरलेलं होतं, मागची बाजू वर करून. चाचा दाराशी उभे होते. मला मात्र खुर्ची दिली गेली.

“मास्तर, तुमचे बंधू सध्या कुठे असतात?” त्यांनी विचारलं.

माझा धाकटा भाऊ दिनकर प्रजापरिषदेचं काम करी. गेल्या सप्टेंबरपासून तो तुरुंगात होता आणि त्याच्या वॉरंटवर याच शिरगोपीकरांची सही होती. मी सांगितलं, तुरुंगात. ते म्हणाले, हो, हो, विसरलोच होतो. मग त्यांनी सावकाश सांगितलं की, गावात परिषदेची माणसं आहेत, त्यांना युवराजांची टवाळी हवीच होती, आणि हे काम चुकून झालं की करवलं गेलं याचा छडा लावायचा आहे. करवलं गेलं असेल तर तो राजद्रोह. घरी आई होती, पगार माझा एकट्याचा होता, आणि समोर माझ्या हातून पळत सुटलेला गवा.

“हा गवा असा काढायला कोणी सांगितलं?” कारभाऱ्यांनी विचारलं.

मी बोलणार होतो. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की आणखी एक क्षण मिळाला असता तर मी बोललो असतो.

“कोण सांगणार, रावसाहेब?” चाचा म्हणाले. “खाका उलटायचा राहिला माझ्याकडनं. डोळं गेलंत आता.”

“खाका कुठाय?”

“भिजला हुता. टाकला.”

कारभारी माझ्याकडे वळले. “मास्तर, देखरेख तुमची होती. तुम्हाला काही सांगायचंय?”

“नाही,” मी म्हणालो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोराला खुर्चीवर बसवून त्याच्यादेखत ती दिली. निशाणाचं काम दस्तगीरच्या घरातून काढून घेतलं गेलं आणि त्याबरोबर दोरीचा मानही, कायमचा. चाचांनी एवढंच मागितलं की, मागची बाजू उसवायची ती दुसऱ्या कुणाच्या हाताने नको, मीच उसवतो. ते मान्य झालं. बाहेर पायरीवर ते जोडा घालत होते. मी त्यांच्याशेजारी नुसता उभा राहिलो. त्यांनी वर न बघता म्हटलं, “घरला जावा, मास्तर. आई वाट बघत असतील.”

अठरा दिवसांत भरलेला गवा त्यांनी वाड्याच्या कोठीत बसून अकरा दिवसांत उसवला. दसऱ्याला दोरी दुसऱ्याच माणसाच्या हातात होती. चाचा त्या दिवशी दाराला आतून कडी लावून बसले, असं ऐकलं. मार्गशीर्षात ते गेले. मी मातीला गेलो नाही. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा होत्या, असं मी सांगितलं. कुणाला सांगितलं, तेही आठवत नाही, कारण विचारलं कुणीच नव्हतं. त्यांचं घर माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. मी कुंभारआळीने जाऊ लागलो. त्या वाटेने पाव मैल जास्त पडतं. पाच वर्षं मी तो पाव मैल रोज दोनदा चाललो.

मग अठ्ठेचाळीस साल आलं आणि संस्थानं विलीन झाली. सरकार पुण्याला राहायला गेले, शिरगोपीकर आपल्या गावी. दिनकर जिल्ह्याचा पुढारी झाला, आणि मला येणारे जाणारे ‘दिनकररावांचे बंधू’ म्हणून नमस्कार करू लागले. नव्या मामलेदारांना वाड्यातल्या वस्तूंचं संग्रहालय करायचं होतं. मानचिन्हाची परिभाषा जाणणारा माणूस एकच, म्हणून निशाणाची नोंद लिहायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं.

पेटीतून निशाण निघालं. पुढचा गवा जसाच्या तसा झळकत होता. मागचं कापड उसवताना सुटं केलेलं, नुसतं लाल. मी ते खिडकीशी धरलं. जरीचे धागे गेले होते, पण सुईची भोकं राहिली होती. त्या भोकांतून उजेड येत होता, आणि उजेडाच्या ठिपक्यांचा तो गवा अजून पळतच होता. सोबतच्या जुन्या वहीत कुणा कारकुनाने लिहिलं होतं, ‘कारागिराच्या चुकीमुळे मागील बाजू उसवली’. नव्या यादीतही कारणाचा रकाना होता. मामलेदारांनी सहज विचारलं की, मूळ खाका कुठे मिळेल का, यादीला जोडता येईल. मी म्हणालो, बघतो.

पाच वर्षांनी मी चाचांच्या दारात उभा राहिलो. हलिमा मशीनवर खणाची चोळी शिवत होती. केसांत एवढ्यातच पांढरं दिसू लागलं होतं. तिने मशीन थांबवलं, “या, मास्तर,” म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत उठून आतल्या खोलीतून एक गुंडाळी घेऊन आली. उरलेल्या लाल रेशमात बांधलेली. तिने ती चटईवर उलगडली. खाका कोरडा, स्वच्छ होता. कोपऱ्यात माझी सही होती, तारखेसकट.

“भिजला नव्हता,” मी म्हणालो.

“अब्बांनी जपून ठेवाया सांगितला. दुसऱ्या कुणाच्या हाताला लागला तर मास्तरांच्या नोकरीवर येईल म्हणायचे. जाळते म्हटलं तर नको म्हणाले. मास्तर येतील, त्यांच्या हातात दे, म्हणजे त्यांची भीती जाईल.”

मी खाली बसलो. ती उभीच होती, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“रोज दुपारी शाळा सुटायच्या टायमाला म्हणायचे, हलिमा, चहाला पाणी जास्त ठेव. मी म्हणायची, अब्बा, ते न्हाई यायचे. तर म्हणायचे, येतील, शब्द दिलाय.” तिने आत चुलीकडे पाहिलं. “मार्गशीर्षापर्यंत पाणी जास्तच ठेवलं मी.”

मशीनवरचा खण घसरून खाली पडला. तिने तो उचलला नाही.

“बरं झालं आलात. आता सरकार न्हाईत, कारभारी न्हाईत. आता सांगाया हरकत न्हाई की चूक अब्बांची नव्हती म्हणून. त्यासाठीच आलात न्हवं?”

हो म्हणायला काय लागत होतं? तुरुंग नव्हता, आई तीन वर्षांपूर्वी गेली होती, नोकरीला धक्का लावायची कुणाची टाप नव्हती. भीती खरंच गेली होती. पण तिच्या जागी लाज येऊन बसली होती, आणि लाज भीतीहून चिवट निघाली. पाच वर्षं गप्प का होतो, हे लोक विचारतील. दिनकर विचारेल. मामलेदार माझ्याकडे बघतील. मी खाक्यावरच्या त्या सहीकडे बघत राहिलो.

“मामलेदारांना यादी करायची आहे,” मी म्हणालो. “खाका असला तर जोडावा, म्हणून आलो होतो.”

हलिमाने खाली बसून खाका गुंडाळला, लाल रेशमात बांधला आणि माझ्या हातात दिला. बापाने सांगितलं होतं तसंच. मग ती चुलीकडे निघाली आणि दारातच थबकली. चूल पेटलेली होती, वर भांडं होतं.

“मग चहा नको ना ठेवू?” तिने विचारलं.

“नको,” मी म्हणालो.

खाका बगलेत धरून मी कुंभारआळीने घरी आलो आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला. यादीला जोडला नाही. त्याच संध्याकाळी यादी पूर्ण केली आणि कारणाच्या रकान्यात जुन्या वहीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. संग्रहालयात निशाणाखाली ती चिठ्ठी अजून आहे. पोरं येतात, वाचतात. वाचायला त्रास होत नाही, अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे.